पिकअपच्या काचेला फिल्म: काळी हवी की गार?

फिल्मच्या दुकानात पिकअप लावली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. “कितीची टाकू? पन्नासची की सत्तरची?” इथंच निम्मा घोटाळा होतो, कारण हा आकडा कशाचा ते गिऱ्हाइकाला माहीत नसतं आणि काही दुकानांत तो उलटा सांगितला जातो. फिल्मवरचा आकडा म्हणजे व्हीएलटी, तिच्यातून आरपार जाणाऱ्या उजेडाची टक्केवारी. ७० ची फिल्म शंभरातला ७० भाग उजेड आत सोडते, म्हणजे जवळजवळ पारदर्शक दिसते. २० ची गडद काळी, ५ ची तर काजळी. कुणी “सत्तर टक्के काळी” म्हणत असेल तर तो ३० ची फिल्म विकतोय. म्हणून विचारायचं ते असं: उजेड किती आत येतो?

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. काळी फिल्म म्हणजे गार केबिन, हा हिशोब चुकीचा आहे. काळेपणा डोळ्याला दिसणारा उजेड अडवतो. उन्हाचा निम्म्याहून थोडा जास्त ताप डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून येतो. साधी काळी फिल्म त्यातला बराचसा आत सोडते, आणि जो शोषून घेते त्याने काच तापते व तोच ताप पुन्हा केबिनमध्ये येतो. म्हणूनच काळ्या काचेच्या गाडीत बसूनही उजवा दंड भाजतो.

आता कायदा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०० प्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ च्या निकालात वरून चिकटवलेली फिल्म, कितीही टक्क्यांची असो, बंद केली. त्यात फिल्मबरोबर काचेवर चिकटवलेली इतर कोणतीही वस्तूही धरली आहे. कंपनीतूनच रंगीत बनून आलेली काच मात्र चालते, ७०-५० पाळत असेल तर. पुढे नियम १०० बदलला आणि १ एप्रिल २०२१ पासून ‘सेफ्टी ग्लास’च्या जोडीला ‘सेफ्टी ग्लेझिंग’ हा शब्द आला, म्हणजे आतल्या बाजूने प्लास्टिकचा थर असलेली काच. भारतीय मानक २५५३, भाग २, २०१९ ची आवृत्ती हे त्याचं माप. या बदलाच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये, ७०-५० पाळणारी फिल्म लावल्याबद्दल दंड करता येणार नाही असं म्हटलं.

विक्रेते हाच निकाल पुढे करून “आता सगळं कायदेशीर झालं” सांगतात. तेवढं सोपं नाही. निकाल केरळचा आहे. सोलापूरच्या सात रस्ता चौकात अडवणारा हवालदार तो मानेलच असं नाही, आणि सीमा ओलांडून विजयपूर किंवा हैदराबादला गेलात तर तिथला पोलीस वेगळा. पक्कं एवढंच की ५०-७० च्या खालची फिल्म कुठल्याही वाचनात बसत नाही, आणि वरची असेल तर वाद घालायला तुमच्याकडे काहीतरी आहे. दंड मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली होतो, पहिल्यांदा ५०० रुपयांपर्यंत, पुढच्या वेळी १५०० पर्यंत. वर फिल्म तिथल्या तिथं फाडली गेली की फिल्मचेही पैसे गेले आणि काचेवर गोंद राहतो.

पिकअपवाल्याला आणखी एक फेरा आहे, पासिंगचा. मालवाहू गाडीचं फिटनेस पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावं लागतं. काळी फिल्म तिथं हमखास अडते. आठ वर्षांपुढच्या गाडीला गडद फिल्म लावणं म्हणजे दरवर्षी फाडायला लावणं.

बाजूच्या काचेला ५० चालते, मग ५० ची फिल्म टाका, असं दुकानदार सहज म्हणतो. गाडी अडकते ती इथंच. नियम फिल्मचा आकडा बघत नाही, काच आणि फिल्म मिळून किती उजेड जातो ते बघतो. हल्लीच्या बहुतेक गाड्यांची काच कोरी पांढरी नसते, हलकी हिरवी असते आणि स्वतःच पंचवीसएक टक्के उजेड खाते. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करायचा. काच ७५ ची आणि फिल्म ५० ची: ०.७५ गुणिले ५०, म्हणजे साडेसदतीस. नापास. त्याच काचेवर ७० ची फिल्म: साडेबावन्न. पास, पण काठावर. काच ७० ची निघाली तर ७० ची फिल्म लावूनही ४९ येतात आणि एका टक्क्याने गाडी जाते. जुन्या गाडीची कोरी काच ८८ ची असेल तर ६० ची फिल्म चालून जाते, कारण ५२.८ येतात. उलट हिशोब सोपा आहे: ५० ला काचेच्या आकड्याने भागा, शंभराने गुणा, येईल त्याच्या वरची फिल्म घ्या. काच ७२ ची असेल तर किमान साडेएकोणसत्तर.

काचेचा आकडा अंदाजाने काढू नका. मीटर असलेल्या दुकानातच जा. खाचेत काचेची कड घालून मोजणारं छोटं यंत्र असतं, दोन मिनिटांचं काम. मोजण्याआधी काच दोन्ही बाजूंनी पुसा, सोलापूरच्या धुळीचा थरही उजेड खातो. दारवाजाच्या दोन्ही काचा वेगवेगळ्या मोजा. कधीतरी फुटून बदललेली एक काच दुसऱ्या कंपनीची असते, आणि तिचा आकडा वेगळा येतो. फिल्म लावून झाल्यावर पुन्हा मोजा आणि तो आकडा बिलावर लिहून घ्या. लिहून द्यायला दुकानदार टाळाटाळ करू लागला तर दुसरं दुकान गाठा.

हाच गुणाकार पुढच्या काचेला लावा. तिथं किमान ७० हवेत. काच ७७ ची असेल तर ९० ची फिल्मही ६९.३ वर आणते. म्हणून पुढच्या काचेला फिल्म लावूच नये असं आमचं मत आहे. शिवाय पुढची काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पडदा घालून केलेली लॅमिनेटेड असते, आणि तो पडदा अतिनील किरण जवळपास सगळेच आधी अडवतो. त्वचेसाठी म्हणून तिथं फिल्म लावण्यात फारसं हशील नाही. दारवाजाची काच टेम्पर्ड, एकेरी असते. तिच्यातून अतिनील किरणांतले लांब लहरींचे बरेच आत येतात. कोणती काच कसली ते कोपऱ्यातल्या छापावर बघता येतं.

उष्णतेचा आकडा कोणता बघायचा? पाटीवर “९७ टक्के हीट कट” लिहिलेलं असतं. तो बहुतेक वेळा आयआरचा, म्हणजे फक्त अवरक्त किरणांचा आकडा असतो, तोही अवरक्त पट्ट्यातल्या एखाद्या सोयीच्या तुकड्यात मोजलेला. खरा आकडा टीएसईआर, म्हणजे उन्हाच्या एकूण शक्तीपैकी किती बाहेर राहिली. उन्हाच्या शक्तीतला ढोबळ ४४ टक्के भाग दिसणारा उजेड असतो, पाचेक टक्के अतिनील, बाकी अवरक्त. ७० ची फिल्म त्या ४४ मधले ७० टक्के आत सोडते, म्हणजे जवळपास ३१. उरलेलं सगळं, अवरक्ताचा शेवटचा कण धरून, बाहेर अडवलं असं मानलं तरी ६९ च्या वर आकडा जाऊच शकत नाही. प्रत्यक्षात काच तापते, थोडा ताप आत झिरपतो, आणि चांगल्या ७० च्या फिल्मला ४० ते ५० च्या आसपास मिळतं. तेव्हा ७० ची फिल्म ९० टक्के उष्णता अडवते असं कुणी म्हणाला तर तो आयआरचा आकडा एकूण उष्णतेच्या नावाखाली विकतोय.

दुकानातला लाल दिव्याचा प्रयोगही असाच फसवा. दिव्यापुढे फिल्मचा नमुना धरतात, मागे हात ठेवायला सांगतात, दहा सेकंदांत “बघा, गार!” नमुना तिथंच पाच मिनिटं राहू द्या आणि मग काचेला हात लावा. शोषून घेणारी फिल्म तोवर चांगलीच तापलेली असते.

फिल्मचे प्रकार तसे चारच. रंगीत डाय फिल्म सगळ्यात स्वस्त. ती काळी दिसते, उष्णता कमी अडवते, आणि उन्हात तिचे रंग एकेक करून उडत शेवटी जांभळी छटा राहते. रस्त्यावर दिसणाऱ्या जांभळ्या काचा याच. कार्बन फिल्म जांभळी पडत नाही, पण ७० मध्ये तिचा फायदा बेताचा. मेटलाइज्ड फिल्म उष्णता चांगली परतवते, पण धातूचा थर रेडिओ लहरींनाही परतवतो. पिकअपमध्ये जीपीएस ट्रॅकर असतो, मोबाइल असतो आणि काचेवर फास्टॅग असतो. धातूच्या फिल्मआड फास्टॅग गेला की सावळेश्वरच्या टोलनाक्यावर मागची रांग हॉर्न वाजवणार. राहिली सिरॅमिक. धातू नाही, रंग नाही, आणि ७० च्या आकड्यातही अवरक्त अडवते. महाग आहे. पण ५०-७० च्या मर्यादेत राहून गारवा हवा असेल तर पैसे टाकण्यासारखी तीच एक. स्वस्त डाय फिल्म ७० ची घेणं म्हणजे काचेवर पैसे चिकटवणं. जाडी साधारण दीड ते दोन मिल, म्हणजे ३८ ते ५० मायक्रॉन पुरते. चार मिलची सेफ्टी फिल्म काच फुटल्यावर तुकडे धरून ठेवते. चोऱ्या होतात अशा ठिकाणी गाडी उभी राहत असेल तरच तिचा विचार करा.

सिरॅमिकच्या नावाखाली साधी फिल्म खपवणं सर्रास चालतं. रोलचा डबा बघायला मागा. पुठ्ठ्याच्या नळीवर आणि फिल्म लावताना सोलून काढतात त्या पारदर्शक लायनरवर कंपनीचं नाव छापलेलं असतं, ते वॉरंटी कार्डाशी जुळवा, आणि मानकाच्या चाचणीचं प्रमाणपत्र मागून त्याची प्रत गाडीच्या कागदांत ठेवा.

आता कोणत्या काचेला लावायची ते बघू. सिंगल केबिन पिकअपला चारच जागा: पुढची काच, दोन दारवाजे आणि पाठीमागची आडवी काच. पुढचीचा विषय संपला. बाकीच्या तीन काचांचं उत्तर तुमच्या रस्त्यावर आहे. चालक उजव्या बाजूला बसतो. सोलापूरहून विजयपूरला दुपारी निघालात तर गाडीचं तोंड दक्षिणेला, म्हणजे पश्चिमेचं ऊन थेट चालकाच्या दारात. तुळजापूरहून दुपारी परतताना तेच. सकाळी दक्षिणेला जाताना ऊन क्लीनरच्या बाजूने. मोहोळकडून सकाळी कांदा घेऊन मार्केट यार्डात येताना सूर्य डोळ्यांसमोर, आणि संध्याकाळी पुण्याच्या वाटेवरही समोरच. तिथं दारवाजाची फिल्म कामाची नाही, सनवायझर आणि चांगला चष्मा कामाचा. त्यामुळे दक्षिणोत्तर धावणाऱ्या गाडीला फिल्मचा फायदा जास्त, पूर्व-पश्चिम धावणारीला कमी.

आणि दुपारचं? सोलापूर जवळपास साडेसतरा अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या १२ तारखेच्या आसपास दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, खांबाची सावली खांबाखालीच राहते. पारा ४२-४३ वर असतो त्याच दिवसांत. तेव्हा ऊन काचेतून नाही, टपातून येतं. उभ्या काचेवर थेट ऊन जवळजवळ पडतच नाही, आणि पत्र्याच्या टपाला मात्र हात लावता येत नाही. त्या वेळेला काचेवर कितीही खर्च केला तरी वाया. टपाच्या आतलं अस्तर काढून पाच ते आठ मिलिमीटरचा फॉइल लावलेला फोम पत्र्याला चिकटवा आणि अस्तर पुन्हा बसवा. टप गडद रंगाचा असेल तर पांढरा करून घ्या, रंग बदलाची नोंद आरटीओत लागते का ते आधी विचारून. फिल्मचं काम सकाळी आठ ते अकरा आणि दुपारी तीन ते सहा, सूर्य कलता असताना.

एसी नसलेल्या पिकअपला फिल्म लावावी का? काच खाली करूनच गाडी चालते, मग फिल्म काचेबरोबर दारात जाऊन बसलेली. अशा गाडीला टपाचा फोम आणि रेक्झिनच्या सीटवर जाड सोलापुरी चादर, एवढ्यानेही फरक पडतो. पैसे तिथं घाला.

पाठीमागच्या काचेला आमचा कौल बहुतेक वेळा नाही. हौद्यात माल किंवा ताडपत्री असली की ती काच तशीही झाकलेली असते. रिकामी गाडी रात्री मागे घ्यायची वेळ आली की तिथला एकेक टक्का उजेड हवा असतो. नियमही तिथं ७० चा आहे. डाव्या दारवाजालाही गडद फिल्म नकोच, कारण डावा आरसा त्याच काचेतून बघायचा असतो. मार्केट यार्डात रात्री पोत्यांच्या थप्पीला गाडी रिव्हर्स लावताना २० च्या काचेतून आरशात काही म्हणजे काही दिसत नाही.

लावण्याचं काम. फिल्म साधारण १५२ सेंटिमीटर रुंदीच्या रोलवर येते. दारवाजाची काच समजा ७५ बाय ५० सेंटिमीटर. चारी बाजूंना अडीचेक सेंटिमीटर सोडून तुकडा ८० बाय ५५ झाला. दोन तुकडे शेजारी शेजारी रुंदीत बसतात, म्हणजे दोन्ही दारवाजांना ८० सेंटिमीटर लांबी पुरते, कापण्यातली चूक धरून एक मीटर. बिल दोन मीटरचं आलं तर विचारा. तुमची काच आधी टेपने मोजून ठेवा, आकार गाडीगणिक बदलतो.

सोलापुरात फिल्म बिघडते ती पाणी आणि धुळीमुळे. बोअरचं पाणी जड आहे. त्यात शाम्पू घालून फवारलं की वाळल्यावर फिल्म आणि काचेमध्ये क्षारांचे पांढरे ठिपके उरतात, ते नंतर निघत नाहीत. आरओचं पाणी घ्यायला सांगा, एका लिटरला बेबी शाम्पूचे आठ-दहा थेंब. जास्त शाम्पूने फिल्म घसरत राहते आणि गोंद पकडत नाही, कमी पडला तर टेकवल्या टेकवल्या चिकटून चुणी पडते. आणि हो, काच पुसायला आपला प्रसिद्ध टेरी टॉवेल वापरू नका. अंगाला उत्तम, पण त्याचे बारीक तंतू काचेवर राहतात आणि प्रत्येक तंतू फिल्मखाली फुगा होऊन बसतो. गुळगुळीत रबराची स्क्विजी आणि मायक्रोफायबर फडकंच हवं. तो टॉवेल दाराच्या आतल्या पॅडवर घाला, ओघळणारं पाणी पॉवर विंडोच्या बटणात जाणार नाही.

जुनी फिल्म असेल तर वाफ किंवा हीट गनने गरम करून एका कोपऱ्यातून हळू सोलायची. गोंद उरला तर तो पूर्ण काढल्याशिवाय नवी लावू देऊ नका. काच स्वच्छ करताना खालच्या फेल्टमध्ये, म्हणजे काच दारात शिरते तिथल्या मऊ पट्टीत, साचलेली वाळू हवेने उडवून काढणं हे सगळ्यात चुकवलं जाणारं काम. ती वाळू तिथंच राहिली तर काच वरखाली होताना नव्या फिल्मवर उभे ओरखडे येतात, महिन्याभरात.

फिल्म काचेच्या आतल्या बाजूला लागते. दार बंद, पंखा बंद, सावलीत. कापलेला तुकडा ओल्या काचेवर ठेवून मधून बाहेर, वरून खाली स्क्विजी फिरवायची. वरच्या कडेला एक-दोन मिलिमीटर जागा सोडायची. अगदी कडेपर्यंत नेलेली फिल्म काच रबरात घुसताना कोपऱ्यातून उलटते. खालची कड मात्र फेल्टच्या आत दोनेक सेंटिमीटर गेली पाहिजे, त्यासाठी काच थोडी खाली करून वरचा भाग आधी बसवतात, मग वर करून खालचा.

पहिले काही दिवस धूसर दिसतं, पाण्याचे चपटे बुडबुडे असतात. ते उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत जातात, पावसाळ्यात दोन आठवडेही लागतात. टाचणीने टोचू नका, टोचल्याची भोकं कायमची राहतात. टणक, टोकदार ठिपका दिसला तर तो पाणी नाही, कचरा आहे. तो जाणार नाही. त्याच दिवशी फिल्म बदलून मागा. काच तीन-चार दिवस खाली करायची नाही. टोलवर, चेकनाक्यावर हात आपोआप बटणाकडे जातो, म्हणून बटणावर चिकटपट्टी लावून ठेवा. दहा दिवस काच आतून पुसू नका, आणि नंतरही अमोनिया असलेलं काच पुसायचं पाणी नको, ओलं फडकं पुरे.